भाईंचं गाऱ्हाणं

भाईंना लघवीला जायचं असलं की ते म्हणतात, "आता घेऊया एक छोटीशी विश्रांती." भूक लागली की, "पुढील कार्यक्रम थोड्याच वेळात." एकदा चहाचा कप हातातून निसटून लादीवर फुटला. ते बराच वेळ तुकड्यांकडे बघत बसले आणि मग खणखणीत आवाजात म्हणाले, "व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

पहिल्यांदा मी हसले होते. मग आत जाऊन रडले. हल्ली दोन्ही होत नाही, नुसती फडकं घेऊन येते.

भाई हे माझ्या नवऱ्याचे, कौस्तुभचे काका. टीव्हीवर एकच वाहिनी होती तेव्हापासूनचे निवेदक. काय नाही केलं त्यांनी! बातम्या वाचल्या, मुलांच्या कार्यक्रमात अस्वलाच्या बाहुलीशी गप्पा मारल्या, प्रश्नमंजूषा घेतल्या. कधी चिखलात पाय घातला नाही, पण शेतकऱ्यांना भातावरच्या करप्याचं औषध सांगितलं. पुढे वाहिन्या वाढल्या तेव्हा पाककृतीच्या कार्यक्रमात बायकांच्या हातचं खाऊन रोज 'अप्रतिम' म्हटलं. मी त्यांना एकदा तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, करून घातल्या तेव्हाही ते त्याच सुरात 'अप्रतिम' म्हणाले. मला आजतागायत कळलेलं नाही की मीठ बरोबर होतं का.

आणि दरवर्षी अनंत चतुर्दशीला चौपाटीवरून विसर्जनाचं थेट वर्णन. ते त्यांच्याशिवाय कोणी करूच नये असा जणू कायदा होता.

अडचण अशी, की कोकणात मसुऱ्याच्या आमच्या घरचा गणपतीही अनंत चतुर्दशीचाच. आमच्याकडे गणपती हलवायच्या आधी घरातला मोठा पुरुष देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाशी मोठ्यानं बोलतो, मालवणीत, काय हवं नको ते सगळं. प्रत्येक वाक्य संपलं की बाकीच्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" त्या होकाराशिवाय वाक्य देवापर्यंत पोचत नाही, मध्येच लोंबकळत राहतं. माझे सासरे गेल्यावर हे काम भाईंचं. पण भाई चौपाटीवर. मग कौस्तुभ घालायचा, घाईघाईत, बस सुटत असल्यासारखं. अक्का म्हणायची, "ह्यो बदली कामगार आसा. कायम माणूस मुंबैत."

अक्का भाईंची मोठी बहीण. तिला अहोजाहो केलेलं खपत नाही, म्हणून मीही अगंतुगं करते. आई लवकर गेल्यावर तिनंच भाईंना वाढवलं, आणि गावातल्या अर्ध्या लोकांना शाळेत शिकवलं.

व्हाळावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, गणपती पोचवून आलो की आम्ही टीव्ही लावायचो. पडद्यावर भाई सांगत असायचे, "भक्तांचा हा महासागर आता खऱ्या सागराला भेटायला निघाला आहे." आणि कौस्तुभ खालून ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" पुढचं वाक्य, की पुन्हा सगळी मिळून, "व्हय म्हाराजा!" अक्का म्हणायची, "उगी रवा रे, माका आयकूक दी." पण तोंडाला पदर लावून तीच जास्त हसायची.

गेल्या फाल्गुनात गोरेगावच्या फ्लॅटमध्ये भाईंना पक्षाघाताचा झटका आला. बायको आधीच गेलेली, मुलगी इशिता कॅनडात. कौस्तुभ त्यांना मसुऱ्याला घेऊन आला. हात सावरला, चाल सावरली, बोलणं तेवढं गेलं. कुडाळहून नम्रता यायची, वाचेवर उपचार करणारी. तिनं समजावलं, "त्यांना कळतं बरंच. पण स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही. जे आयुष्यभर म्हटलं, ते तळाशी राहिलंय, ते आपोआप वर येतं."

"मगे तेच्या तळाक मालवणी कशी नाय?" अक्कानं विचारलं.

"ते मालवणी किती बोलायचे?"

संध्याकाळी वाल सोलताना अक्का म्हणाली, "मीच मारून काढलंय गो ती. 'माका' म्हटल्यान की पट्टी. दातात पेन्सिल धरून वाचूक लावी. म्हटला, मुंबैत माझ्या भावाक कोण हसूक नको." मग सालं बाजूला सारून म्हणाली, "कोण हसलाच नाय. आणि माझ्याकडे पण तो तसोच बोलाक लागलो. 'तू कशी आहेस?' म्हणी. जसा काय माझी मुलाखत घेता."

अक्काच्या हृदयाची झडप निकामी होत आली होती. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात शस्त्रक्रिया नको. तिनं ते ऐकलं, आणि घरी येऊन मला एवढंच सांगितलं, "पुढचो गणपती माका नाय. ह्या गणपतीक भाईन गाऱ्हाणा घालूक होया. आमच्या भाशेत. तेवढा आयकलंय की झाला."

मग आषाढापासून शाळा सुरू झाली. सकाळी पेज झाली की अक्का भाईंच्या समोर खुर्ची ओढून बसायची.

"म्हण रे, बा देवा..."

"बा... बातम्या," भाई म्हणायचे.

"बातम्यो नको. बा देवा म्हाराजा..."

"आजच्या ठळक बातम्या."

"माझो भाव आसा की टीव्ही आसा ह्यो?" अक्का माझ्याकडे बघायची. भाईही माझ्याकडे बघायचे, ओशाळून. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. मी म्हणायचे, "अक्का, ब्रेक घेऊया." आणि भाई पटकन म्हणायचे, "एक छोटीशी विश्रांती."

तिनं पट्टी मात्र काढली नाही. उलट भाईंना जमलं नाही की त्यांचा हात हातात घेऊन कुरवाळत बसायची. श्रावण गेला. भाईंची गाडी 'बा'च्या पुढे गेली नाही.

अनंत चतुर्दशीला भाईंनी स्वतःच इस्त्रीचा झब्बा मागितला, म्हणजे कपाटापुढे उभे राहून म्हणाले, "आजचे आमचे खास पाहुणे." घरात शेजारपाजार जमला. गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी माटवीला टांगलेली फळं सुकली होती, आरती झाली होती. कौस्तुभनं नारळ ठेवला आणि मागे सरकला. सगळे भाईंकडे बघू लागले.

भाई उभे राहिले. झब्ब्याची कॉलर नीट केली. मान किंचित वर करून त्यांनी समोर काहीतरी शोधलं. मला कळलं, ते कॅमेरा शोधताहेत.

"नमस्कार," ते म्हणाले. काय तो आवाज! अजून तसाच. "गिरगाव चौपाटीवरून आपणा सर्वांचं स्वागत. भक्तांचा हा महासागर..."

पुढे ते थांबेनात. ढोलताशे आले, फुलांनी सजवलेले रथ आले, पोलिसांचा चोख बंदोबस्त आला. शेजारचा बाबली मागे फिसकन हसला. आणि तेवढ्यात भाईंना स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. ते मध्येच थांबले. गणपतीकडे बघितलं, अक्काकडे बघितलं. ओठ हलत राहिले. मग हळूच म्हणाले, "दिलगीर आहोत."

कौस्तुभ पुढे झाला. पण अक्का खुर्चीच्या हातांना धरून उठत होती.

"थांब रे कौस्तुभा. मी घालतंय."

"अक्का," बाबली म्हणाला, "बायल माणसान गाऱ्हाणा घालूचा नसता."

"तुका पाढे कोणी शिकवल्यान?"

"तू."

"मगे उगी रव."

तिनं भाईंना शेजारी उभं केलं, त्यांच्या दंडाला धरून स्वतः उभी राहिली, आणि सुरू केलं.

"बा देवा गणपती म्हाराजा! लेकरांनी तुझी जी काय वाकडीतिकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

आम्ही गोंधळलेले. माझ्या तोंडून अर्धामुर्धा आवाज निघाला. आणि तिच्या बाजूनं घुमलं,

"व्हय म्हाराजा!"

भाई होते. टीव्हीवरचा आवाज नव्हता तो. शेवट वर ओढलेला, नाकातला, थोडा फाटका. घोळक्यात पुढे बसून बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्या पोराचा. लहानपणी त्यांच्या वाट्याला गाऱ्हाण्यातलं एवढंच तर होतं.

अक्का थांबली नाही. "घरात दारात, शेतात माडात जी काय इडापिडा आसा, ती भायर काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळे होतो, पण सगळ्यांच्या वर भाई.

"ह्या माझ्या भावाच्या तोंडची भाशा मी काढून घेतलंय. माझा चुकला. ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाई एवढ्या जोरात म्हणाले की बाबलीसकट सगळे हसले. अक्कापण हसली, डोळे पुसत.

मग तिनं श्वास घेतला. तो लवकर मिळेना.

"आणि देवा, फुडच्या वर्षी तू येशीत तेव्हा मी नसान. माका आता ने. तेवढा ह्या लेकराक सांभाळ रे म्हाराजा!"

कौस्तुभ नारळाकडे बघत राहिला. बाबलीनं मान खाली घातली. मी पदराचं टोक दातात धरलं. असल्या वाक्याला हो कसं म्हणायचं? वाक्य तसंच लोंबकळत होतं, आणि अक्का वाट बघत होती.

"व्हय म्हाराजा," भाई म्हणाले. एकटेच. पण ह्या वेळी ओरडून नाही.

अक्का माझ्याकडे वळली. "आयकलंस गो? किती साफ बोललो."

बाकीचे गणपती घेऊन व्हाळावर गेले. अक्काला तेवढं चालवेना, आणि भाई तिला सोडून हलेनात. आयुष्यभर विसर्जनं दाखवलेल्या माणसानं त्या दिवशी एकही बघितलं नाही. आम्ही परतलो तेव्हा दोघं पुढच्या अंगणात, खळ्यात बसली होती. टीव्ही लावा असं कोणी म्हटलं नाही.

त्यानंतर निवेदनं बंद झाली. एवढा एकच शब्द उरला. "भाई, पेज वाढू?" "व्हय म्हाराजा." "भाई, पाऊस येतोय, आत येता?" "व्हय म्हाराजा." नम्रता म्हणाली, "हेही आपोआपच आहे. वाक्य संपलं की ते म्हणतात. अर्थ लागतोच असं समजू नका."

मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. म्हणजे अक्काच्या त्या शेवटच्या मागणीला हो म्हटलं, तेव्हाही अर्थ लागला नसेल.

अक्का कार्तिकात गेली, दुपारी, झोपेत. कौस्तुभ माणसं बोलवायला धावला. भाई खळ्यात तिच्या खुर्चीशेजारी बसले होते. सांगायचं माझ्याकडे आलं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"भाई," मी म्हटलं, "अक्का गेली."

माझं वाक्य संपलं. मी थांबले. ते म्हणणार, ह्याची मला खात्री होती, आणि त्यांनी म्हणावं असं मनापासून वाटत होतं.

भाईंनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. आणि तोंड मिटून घेतलं.