मेणाने बुजवलेली भोकं

कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. लाकडी धनुष्यं करायला ती सासऱ्यांकडून शिकली होती. ते गेल्यावर हत्यारं आपसूक तिच्याकडे आली. नवरा दुकान बघायचा. धाकटा दीर बांबूच्या लांब कामट्या तासून, रंगवून द्यायचा आणि वहिनी त्या धनुष्याच्या पाठीला सरसाने चिकटवायची. दोरी ओढली की खरा ताण त्या कामटीवरच येतो.

त्या दिवशी तिरंदाजी शिकवणाऱ्या बाईंनी मोडकं धनुष्य तिच्यासमोर आपटलं. "कामटीची ढलपी उडाली. माझ्या विद्यार्थिनीच्या भुवईला सहा टाके पडलेत. डोळा थोडक्यात वाचला."

वहिनीने चाकूने कामटी उकलली. आत पिवळट पीठ होतं आणि त्यात दोन पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. वरची भोकं मेणाने बुजवून रंग फासला होता. एका ठिकाणी मेणावर अंगठ्याचा ठसाही दिसत होता.

दीर हात पुसत आला. "हात्तिच्या! अळीच आहे, चावत नाही." त्याने त्यातली एक नखाने टिचकी मारून उडवली. "बांबू म्हटलं की एवढं चालायचंच. पोरीनेच आडवंतिडवं ओढलं असेल."

"भाऊजी, बारा वर्षांची आहे ती!"

"मग आईबापांनी लक्ष द्यावं की."

वहिनी उठली. भिंतीवरची अकरा धनुष्यं तिने खरवडून पाहिली. सात पोखरलेली निघाली. प्रत्येकावर तिचाच शिक्का. एकदा कामटीवर बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं होतं, पण घाईत तिने कानाडोळा केला होता. ते आठवलं आणि तिला स्वतःचीही किळस आली.

तिने करवत घेतली.

"वहिनी, डोकं फिरलं का तुमचं?" दीर ओरडला. सातही धनुष्यांचे दोन-दोन तुकडे झाले.

गलका ऐकून नवरा धावत आला. आता हा तरी भावाला खडसावेल, असं तिला वाटलं. त्याने अळी पाहिली, नाकाला रुमाल लावला आणि हळूच म्हणाला, "बाईंसमोर हे उकरायची काय गरज होती? घरातलं घरात मिटवायचं."

अळ्या पाहून आली नव्हती एवढी शिसारी तिला आली.

विकलेली धनुष्यं परत आणायला ती स्वतः घरोघर फिरली. सगळ्यात आधी त्या मुलीकडे गेली. मुलीच्या आईने दिलेलं पाणी तिने न पिताच बाजूला ठेवलं. माफी मागतानाही त्या टाक्यांकडे तिला नीट बघवलं नाही.

दिराला तिने कारखान्याची पायरी चढू दिली नाही. त्याचं काही अडलं नाही. तो दुकानात थोरल्या भावाशेजारी बसून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटू लागला. बांबू आता वहिनी स्वतः निवडते, एकेक ठोकून, उन्हात धरून.

जेवताना दोघे भाऊ हसायला लागले की ती ताट घेऊन कारखान्यात जाते. परवा नवरा दारात येऊन म्हणाला, "किती दिवस चालणार हे?"

"तुमच्यासमोर घास उतरत नाही," ती म्हणाली आणि भाकरी मोडत राहिली.