बादशाचा घास

इसाकने कुत्र्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडून धरला आणि त्याच्या बायकोने, हमीदाने, ताकाची वाटी तिरकी केली. निम्मं ताक आत गेलं, निम्मं इसाकच्या मनगटावरून ओघळलं. क्षणभर बादशा गप्प राहिला. मग आतून कुणी पीळ भरावा तसं त्याचं पोट आवळलं आणि ताक परत बाहेर पडलं. त्यात तपकिरी पाणी होतं.

"रक्त आहे," हमीदा म्हणाली.

अक्काबाई तबेल्याच्या दारातच थांबल्या. हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर चतकोर भाकरी. गंगेवरचं स्नान आटोपून आलं की पहिली चतकोर तबेल्याच्या कुत्र्याला, मग देवपूजा, मग नैवेद्य, आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत तोंडातून शब्द नाही, हा त्यांचा चातुर्मासाचा नेम होता. अकरा वर्षांत तो मोडला नव्हता. यंदाचा चातुर्मास संपायला चारच दिवस उरले होते.

"या अक्का," इसाक मान वर न करता म्हणाला. "आज तुमची भाकरी तशीच राहणार. रातभर नुसतं पाणी पितोय आणि ओकतोय. बसतो, उठतो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो. छातीवर हात ठेवून बघा, घोडा दौडतोय आत."

बादशाचे मागचे पाय थरथरत होते. जीभ बाहेर लोंबत होती. नाशकात भद्रकालीच्या या बोळात रात्री अनोळखी पाऊल वाजलं तर तबेल्याच्या दाराशी आधी तो उभा राहायचा. इसाकचा टांगा आणि घोडा त्याच्याच भरवशावर होता. आता घोडा दावणीला मान वळवून त्याच्याकडे बघत होता, आणि वैरणीला तोंड लावत नव्हता.

अक्काबाई दोन पावलं पुढे आल्या. त्या तपकिरी पाण्याला आंबूस वास होता, आणि आंबूसपणाखाली आणखी एक वास. गोडसर, जळक्या साखरेसारखा. त्यांनी भाकरीचं पान छातीशी धरलं.

"विष आहे, कुचला," इसाकचा धाकटा भाऊ महेबूब कोपऱ्यातून म्हणाला. "सांगायला हकीम कशाला पाहिजे?"

गवताचा भारा घेऊन आलेल्या भागुबाईने तो भिंतीशी टाकला आणि पदराने मान पुसली. "दसऱ्याला यानं देवरामचं करडू फाडलं ना? तवा देवराम हितंच उभा राहून म्हनला व्हता, याला येक दिवस कुचला घालतो म्हून. म्या ऐकलंय. तुमीबी ऐकलंय."

"सगळ्या बोळानं ऐकलंय," महेबूब म्हणाला. त्याने टांग्याच्या चाकाला अटकाव म्हणून लावायचं सागाचं दांडकं उचललं. "येईलच आता मेथीची पाटी घेऊन."

"महेबूब, दांडकं ठेव."

"ठेवतो ना भाईजान. त्याच्या पाठीवर ठेवतो."

देवराम माळी रोज याच बोळातून बाजारात जायचा. समोरच्या भिंतीवरचं ऊन निम्म्यावर उतरलं की त्याची हाक ऐकू यायची. ऊन आत्ताशी भिंतीच्या माथ्याला लागलं होतं. दांडकं देवरामच्या पाठीवर पडलं तर गोष्ट तेवढ्यावर राहणार नव्हती. इसाकची आळी आणि देवरामची आळी, मधे एक बोळ. गणपतीत वाजंत्रीवरून झालेली कुरबूर अजून पुरती निवली नव्हती.

अक्काबाई मागे वळल्या आणि भरभर आपल्या खोलीकडे गेल्या.

"अक्का बी घाबरल्या," भागुबाई म्हणाली. "इचारायची बी सोय न्हाई. दुपारपातुर तोंडाला कुलूप."

खोलीत फुलवातींचा कापूस तसाच पसरलेला होता. कोनाड्यातला पत्र्याचा डबा अक्काबाईंनी खाली घेतला. मुंबईला फोर्टात नोकरी करणाऱ्या भावाने तो भाऊबिजेला ओवाळणीत घातला होता. विलायती चॉकलेट, काळं, थोडं कडसर. त्याला बिचाऱ्याला बहिणीने चार महिने गोड सोडल्याचं ठाऊक नव्हतं. डबा चार दिवस कोनाड्यात राहिला. बोळातल्या मुलांना वाटावा, तर यात अंडं असलं तर? इसाकच्या पोरीला, रेहानाला द्यावा, तर भावानेच हसत सांगितलं होतं की काहींत दारू असते, ताई. कुणाच्याही लेकराच्या पोटात आपल्या हातून नको ते जायला नको. टाकावा, तर ते अन्न. काल संध्याकाळी डब्याला मुंग्या लागल्या, तेव्हा अक्काबाईंना वाट सापडली होती. कुत्र्याला विटाळ नाही. त्यांनी वड्यांवरच्या मुंग्या फुंकून उडवल्या, आणि देवाला वाहावं तसं दोन्ही हातांनी केळीच्या पानावर बादशापुढे ठेवलं. त्याने ते खाल्लं, पान चाटलं, मग त्यांच्या पायाची बोटं चाटली. त्यांना फार बरं वाटलं होतं.

तळाशी चिकटलेल्या चार वड्या तेवढ्या डब्यात उरल्या होत्या.

त्या परतल्या तेव्हा भिंतीवरचं ऊन हातभर खाली आलं होतं. अक्काबाईंनी डबा इसाकपुढे धरला. बादशाकडे बोट केलं, डब्याकडे केलं, पुन्हा बादशाकडे. मग कपाळाला हात लावला.

इसाकला समजेना. "काय अक्का? याच्यासाठी?"

अक्काबाईंनी जोरात मान हलवली. होकार की नकार, ते त्यांचं त्यांनाच उमगलं नाही.

"दवा देतायत," भागुबाई म्हणाली. "भावानं धाडला ना मुंबईहून डबा, त्यातली असंल. देऊन बघ हमीदा. अक्कांच्या हाताला गुण हाय."

हमीदाने डोळे पुसले, डब्यातली एक वडी काढली, बोटांनी चुरली आणि बादशाच्या ओठाखाली नेली. त्याने नाक वळवलं. तिने दुसऱ्या हाताने त्याचा गाल ओढून फट केली.

"नको."

सगळे वळले. अक्काबाईंचा आवाज चातुर्मासातल्या सकाळी कसा असतो, हे त्या बोळात कुणी कधी ऐकलं नव्हतं. घोगरा होता.

"त्याला ते घालू नको, हमीदा. कालपासून तेच आहे त्याच्या पोटात. मीच घातलंय." त्यांनी डबा पुढे धरला. "हा जवळजवळ सगळा डबा. देवरामने काही केलं नाही. ते रक्त नाही, हे आहे. वास घेऊन बघ."

हमीदाने बोटं नाकाशी नेली. महेबूबने पुढे होऊन डबा अक्काबाईंच्या हातातून घेतला.

"हे? हे तर चॉकलेट आहे अक्का. देवळाली कॅम्पात गोऱ्यांची पोरं खिशात घेऊन फिरतात."

"असेल. पण हेच घातलं मी."

"मग त्यानं हा कसा मरेल? माणसाची पोरं खातात ते."

अक्काबाईंना एवढंच माहीत होतं की काल संध्याकाळी कुत्रा धडधाकट होता.

महेबूबने एक वडी तोंडात टाकली. हमीदा "अरे" म्हणेपर्यंत त्याने दुसरीही टाकली. तो सावकाश चावत राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने जीभ बाहेर काढून दाखवली, गिळलं आणि दांडकं खांद्यावर घेतलं.

"गोड आहे. थोडं कडू. बघा आता, मरतो का."

घोड्याने खूर आपटला.

"अक्का, तुमचं मन मोठं आहे," इसाक हळू आवाजात म्हणाला. "त्याला मार बसू नये म्हणून तुम्ही अकरा वर्षांचा नेम मोडलात. पण त्यापायी आपल्यावर कशाला घेता?"

"मी खोटं बोलत नाही, इसाकभाऊ."

"पुण्य जोडायला बोललेलं खोटं, खोटं नसतं," महेबूब म्हणाला. "चलतं ते."

अक्काबाईंनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. नेम मोडला होता आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. खरं पटवून द्यायला त्यांच्याकडे एकच उपाय होता. उरलेली वडी दुसऱ्या एखाद्या कुत्र्याला घालायची. बोळाच्या तोंडाशी एक पांढरं पिल्लू झोपलेलं होतं. त्यांनी डबा महेबूबकडून मागून घेतला, झाकण घट्ट लावलं आणि वर घोड्याच्या साजाच्या फळीवर, कुणाच्या हाती सहज येणार नाही असा, नेऊन ठेवला.

मग त्या तशाच, नेसत्या सोवळ्यानिशी तबेल्याच्या ओल्या जमिनीवर बसल्या आणि बादशाचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. भागुबाईने तोंडाला पदर लावला.

ऊन भिंतीच्या निम्म्यावर उतरलं.

"मेथी घ्या, पालक," बोळाच्या टोकाशी हाक आली.

महेबूब दाराच्या आड सरकला. इसाक उठला, पण भावाला अडवायला की देवरामला, ते त्याच्या उभं राहण्यावरून कळत नव्हतं.

"देवराम," अक्काबाईंनी आतूनच हाक मारली. "पाटी खाली ठेव आणि आत ये. दाराशी जपून. महेबूबच्या हातात दांडकं आहे."

महेबूबने चमकून त्यांच्याकडे बघितलं. देवराम दारात आला. बुटका, पटक्याखाली घामेजलेलं कपाळ. त्याने दांडकं बघितलं, कुत्रं बघितलं, आणि अक्काबाईंना बोलताना बघून तो जास्त दचकला.

"काय झालं?"

"तूच सांग ना," महेबूब म्हणाला. "कुचला किती घातलास?"

"म्या?" देवराम एक पाऊल मागे गेला. "पांडवलेणीच्या देवांची आन. करडाचा राग व्हता, तवा बोललो. हात न्हाई लावला याला."

"काल संध्याकाळी मी चॉकलेट घातलं म्हणून झालं हे. रातभर ओकतोय, सकाळी पाजलेलं ताकही टिकलं नाही," अक्काबाई म्हणाल्या. "कुणाला पटत नाही."

देवरामला चॉकलेट कळलं नाही, पण दांडकं कळलं. तो उकिडवा बसला, बादशाच्या कानाशी हात नेले आणि फाडकन टाळी वाजवली.

बादशाने नुसते डोळे वर केले. कान थोडा हलला.

"बघा," देवराम म्हणाला. "बघितलं? कुचला न्हाई. आन अक्का, तुमी म्हनता तसंच असंल, प्वाटात कायतरी बाधलंय. कुचला असता तर टाळीसरशी कमान झाली असती त्याची."

"म्हणजे?" इसाक म्हणाला.

"आंग असं मागं वाकतं. टाळी नको, पाचोळा वाजला तरी झटका. आन दातखीळ. तुमी ताक पाजलं म्हनता, ते आत गेलं असतं व्हय?" जीव वाचल्याने त्याच्या बोलण्याला ओघ आला होता. त्याने महेबूबकडे मान वळवली. "आन रातभर न्हाई टिकत. घटका, दीड घटका, बास. आदी मान, मग पाय, खुंट्यावानी ताठ. शुद मातुर जात न्हाई शेवटापातुर. डोळं आपल्याकडंच लावून..."

तो थांबला.

महेबूबचं दांडकं केव्हाच खाली आलं होतं. भागुबाई गवताची काडी मोडत होती. इसाक मात्र देवरामकडे बघत उभा होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"माघात," तो म्हणाला, "आमची काळी कुत्री तुमच्या मळ्याच्या बांधावर सापडली. याच्या आधीची. खुंट्यासारखी ताठ. मी म्हटलं, पान लागलं असेल. मळ्यात साप असतातच." त्याने देवरामकडे बोट केलं. "तुम्हीच तिला उचलायला हात लावला होता, देवरामभाऊ."

देवरामने पटका काढला आणि हातात धरला. त्याची टाळू ऊन लागल्यासारखी लाल झाली होती.

दांडकं पुन्हा वर जाताना अक्काबाईंना दिसलं. इसाकने मागे न बघता हात लांब केला, ते महेबूबच्या मुठीतून काढून घेतलं आणि चाकाखाली, त्याच्या जागी, सरकवलं. मग रांजणातून वाटीभर पाणी घेतलं. वाटी त्याने देवरामच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

"पाजा."

"म्या?"

"तुम्हीच."

देवरामने अक्काबाईंकडे बघितलं. त्या काहीतरी बोलतील, याची तो वाट बघत होता. त्याच्यासाठी त्या एकदा बोलल्या होत्या, आणि आता दुपारच्या नैवेद्याला अजून पुष्कळ वेळ होता, तोवर पुन्हा मौन. त्यांनी बादशाचं डोकं मांडीवरच ठेवून किंचित सरकून त्याला जागा केली.

तो गुडघ्यांवर पुढे आला. वाटी उचलताना निम्मं पाणी सांडलं. बादशाने आधी त्याची बोटं हुंगली, सावकाश, एक-एक करून. मग वाटीत जीभ घातली. पाणी पिताना त्याचे डोळे देवरामच्या तोंडावर होते. देवराम वाटीत बघत होता.

वाटी रिकामी झाली. हमीदा ओठांत काही मोजत असावी तशी बसली होती. पाणी परत आलं नाही.

इसाकने वाटी घेतली, भरली आणि पुन्हा देवरामच्या हातात दिली.

"अजून," तो म्हणाला.