भोंग्याआधीचा श्वास

बटणावरचा लाल ठिपका अर्धा झिजलेला. अंगठा बसतो नेमका तिथे झिजलेला – म्हणजे माझाच अंगठा, दुसरा कुणाचा असणार, अर्डेलियाच्या मनात आलं. कॅमेरा टेबलावर आडवा पडला होता, वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेला, नळी लावलेल्या पेशंटसारखा. तिला त्या बटणाकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे कुठे बघताही येत नव्हतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. एवढंच तर होतं. आणि तेवढंच त्या रविवारी उलटं झालं होतं.

चौदा तुकडे. पडद्यावर ओळीनं मांडलेल्या चौदा चौकटी, आणि चौदाही चौकटींत काय, तर चर्चचा तांबडा गालिचा, बाकाचा पाय, तिचे स्वतःचे पांढरे बूट. बाबा एकाही चौकटीत नाहीत.

बॅटरी वीसच मिनिटांची होती ना, म्हणून. म्हणून तिनं ठरवलं होतं की बाबा नुसतं बोलतात ते घ्यायचं नाही, गातात तेवढंच घ्यायचं. बाबा, म्हणजे रेव्हरंड प्युरिफॉय, पहिला अर्धा तास बोलतच असत – पोलादाच्या कारखान्यातली तीस वर्षं, गुडघा, हवा, पोरांची कानउघाडणी – आणि मग एखाद्या साध्याशाच शब्दावर त्यांचा सूर लागायचा, ऑर्गनवाला तो सूर खालून हलकेच उचलून धरायचा, आणि बोलण्याची वेस ओलांडून माणूस गाण्यात केव्हा शिरला ते बाकावरच्या म्हाताऱ्यांनाही कळायचं नाही. ती वेस आली की अर्डेलिया बटण दाबायची. बाबा घाम पुसायला थांबले की पुन्हा दाबायची, कॅमेरा मांडीवर. फक्त कॅमेरा पर्समधून काढतानाच बटण एकदा दाबलं गेलं होतं, आणि चष्मा राहिला होता पर्समध्ये, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा लाल ठिपका तिनं पाहिलाच नव्हता... म्हणजे बाबा गात होते तेव्हा कॅमेरा झोपलेला, आणि बाबा थांबले की जागा. प्रत्येक तुकडा एकाच ठिकाणी संपत होता. बाबा श्वास घेतात, पहिला सूर ओठांतून निम्मा बाहेर येतो – आणि बंद.

त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी ते गेले. शवपेटीपाशी उभं राहून तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, शेवटचं प्रवचन आहे माझ्याकडे, सगळं घेतलंय. आठ महिने ती तसं सांगत आली. परवा गुरुवारी पहिल्यांदा उघडून पाहिलं.

आणि आज शनिवार. आज आईला एकोणऐंशी पूर्ण. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेलेत, पण काल तिनं केस करून घेतले. म्हणाली, "रेव्हरंडसमोर विस्कटलेली बसले नाही कधी, आता काय बसते?" लग्नाला पंचावन्न वर्षं झाली तरी आई त्यांना रेव्हरंडच म्हणायची, भांडतानासुद्धा. वाढदिवसाला तिनं एकच मागितलं होतं. केक नको, नवा झगा नको. "ते भोंग्याचं प्रवचन ऐकव मला."

ऑफिसातल्या डोरिसनं कागदावर लिहून दिलं होतं: आधी प्रत्येक तुकडा डिस्कवाल्या प्लेअरला कळेल अशा रूपात बदलायचा, मग ओळीनं सांधायचे, मग डिस्क लिहायची, आणि ती लिहून होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. खाली दोनदा रेघ मारलेली. अर्डेलियानं हात लावला होता. बिघडलेल्या तीन डिस्कांपैकी एकीवर आता कॉफीचा कप होता. कोरी डिस्क एकच उरली होती.

फोन वाजला. लेम्युएल, धाकटा भाऊ, क्लीव्हलंडहून निघालेला.

"झाली का डिस्क?"

"होतेय."

"होतेय म्हणजे? बाबा उगीच नाही म्हणायचे, देव उशीर करत नाही, पण अर्डीचं सांगता येत नाही."

"गाडी चालवताना फोनवर बोलू नकोस, लेम."

"दोनला पोचतो. भोंग्याचा भाग आहे ना गं त्यात? शेवटचा, सगळे उभे राहिले होते तो?"

भिंतीवरचं घड्याळ साडेअकरा दाखवत होतं. "आहे," ती म्हणाली. मग तिनं फोन ठेवला आणि हेडफोन पुन्हा कानांवर चढवले, जणू काही त्या हेडफोनमध्ये लपायला जागा होती.

सगळे तुकडे सांधून ऐकलं. श्वास, निम्मा सूर – खोकला, बूट घासल्याचा आवाज, पेपरमिंटच्या कागदाची चुरचुर – श्वास, निम्मा सूर – पंख्याची फडफड... कुणीतरी उंबऱ्यापर्यंत यावं, दाराला हात लावावा आणि परत फिरावं, चौदा वेळा. कारखान्यात पाळी संपली की भोंगा होतो, असं ते प्रवचन होतं. कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली, तरी आपल्यातल्या प्रत्येकाच्या कानात तो भोंगा आहे, आणि तो वाजेल तेव्हा हातातलं हत्यार खाली ठेवायचं आणि घराकडे निघायचं, कुणी बोलावलं विचारायचं नाही. भोंग्याचा तो लांब सूर बाबा काढायचे तेव्हा छातीत काहीतरी हलायचं – हलायचं ना? की मला ते आता वाटतंय?

कारण नववा तुकडा.

नवव्या तुकड्यात शेजारी बसलेली विल्मा, तिची चुलतबहीण, मोठ्यानं म्हणते, "सावकाश, रेव्हरंड, सावकाश होऊ द्या!" आणि लगेच कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी दुसरा आवाज येतो, सुरीसारखा स्वच्छ: "कसलं सावकाश? ओव्हनमध्ये माझं हॅम करपतंय. बाबांचं विमान आज उतरतच नाही बघ. आटपा म्हणावं आता." विल्मा हसते.

तो आवाज स्वतःचा आहे हे गुरुवारी तिला क्षणभर कळलंच नव्हतं. ही कोण बाई, असंच वाटलं होतं.

काढून टाकणं अवघड नव्हतं. ‘कसलं’पासून ‘आता’पर्यंत दोन खुणा करायच्या, मधलं उडवायचं. पण नेमक्या त्याच सात-आठ सेकंदांत, तिच्या बोलण्याखाली, बाबा घाम पुसता पुसता गुणगुणत होते. माइकपासून तोंड वळवून, स्वतःशीच, सूर शोधत – भोंग्याची अख्खी ओळ, चढून, थांबून, खाली उतरून. बाकी तेरा तुकड्यांत निम्मा श्वास. पूर्ण ओळ एवढी एकच. तिचं बोलणं काढलं की ती ओळही जात होती. ठेवली की आईच्या कानांना, ज्या कानांना आता डोळ्यांचंही काम करावं लागतं, लेकीचं ते ‘आटपा’ ऐकू जाणार होतं. रेव्हरंडच्या शेवटच्या रविवारचं.

तिनं कापलं. ऐकलं. परत जोडलं. परत कापलं.

देवा, मी वाईट नव्हते रे. मी फक्त दमले होते. प्रवचनकाराच्या लेकीला किती वेळा रडू यावं? तीच ओळ मी पाचव्या वर्षापासून शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात ऐकत आले होते – बाबा टेबलाभोवती फिरत, आई बटाटे सोलत, सुरीच्या मुठीनं पाटावर ठेका धरत, आणि मध्येच मान वर न करता, "तिथे चढू नका, रेव्हरंड. तिथे खाली या. चढल्यावर लोक टाळ्या वाजवतात, रडतात ते खाली आल्यावर." आणि बाबा, ज्यांच्यापुढे अख्खा मोहल्ला मान खाली घालायचा, गुमान खाली यायचे. रविवारी लोकांना वाटायचं, सूर वरून येतो. आम्हाला ठाऊक होतं, तो बटाट्यांच्या सालांतून येतो... म्हणूनच मला थट्टा सुचली असेल. घरातल्याच माणसाला ती सुचते.

पण हे आईला कसं सांगायचं? लेमला कसं सांगायचं, जो दोनला येणार, सुटाबुटात, रुमाल तयार ठेवून?

तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. श्वास, निम्मा सूर – आणि सांध्याशी, जिथे आवाज तुटत होता तिथे, पुढची ओळ तिच्या डोक्यात आपली आपण पुरी होत होती. दुसऱ्या सांध्याशी, तिसऱ्या... पाचव्याशी तिनं डोळे मिटले. नववा आला. विल्मा, तो सुरीसारखा आवाज, आणि खाली बाबांची ओळ, आणि अर्डेलियाचे ओठ तिच्या स्वतःच्याच बोलण्याबरोबर हलत होते, गुरुवारपासून ते तिला पाठ झालं होतं. मग तिनं दोन खुणांमधलं निवडलं. पडद्यावर प्रश्न आला: हा भाग काढायचा? हो. नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून काहीतरी आल्यासारखं वाटलं. तिनं एक कान मोकळा केला.

"तिथे चढू नकोस," आई तिच्या खोलीतून म्हणत होती, अगदी रोजच्या आवाजात. "तिथे खाली ये. मघापासून तेच चुकतेयस."

अर्डेलियानं हेडफोनची वायर पाहिली. नीट घुसवलेली होती. म्हणजे बाबांचा आवाज बाहेर गेला नव्हता. गेला होता तो तिचाच. मघापासून म्हणजे केव्हापासून? नुसती ओळच गेली, की ओठ हलले तेव्हा ते दुसरंही – हॅम, विमान, आटपा – तेही मोठ्यानं? विचारता येत नव्हतं. विचारलं की सांगितल्यासारखंच.

"अर्डेलिया?"

"हं."

"थांबलीस का?"

पडद्यावरचा प्रश्न तसाच उभा होता. पलीकडे खुर्चीच्या हातावर बोटांचं टकटकणं सुरू झालं, संथ, सुरीच्या मुठीचा तोच ठेका, एक आवर्तन, दुसरं, कुणीतरी ओळ उचलेपर्यंत थांबायला तयार असलेलं. तिनं माउसवरून बोट उचललं नाही, दाबलंही नाही. श्वास घेतला. सकाळपासूनची भीती अजून होतीच, पण आईला ऐकू जाईल याची ती राहिली नव्हती. आता धाकधूक होती ती, तो ठेका मध्येच थांबेल याची.