हळदीच्या अंगाचं इंजिन

दामूच्या शेडमधलं नवंकोरं इंजिन ऑइल ओकायला लागलं, तेव्हा गिरजाला घोर लागला. इंजिनाचा नव्हे हो! इंजिन गेलं खड्ड्यात. तिला घोर होता नवऱ्याचा.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून दामू बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. सारी उमर मुंबईला बोटींच्या वर्कशॉपात इंजिनं बांधण्यात गेलेला माणूस, आणि आता उजव्या हाताच्या बोटांना चहाचा कप गरम की गार तेही कळेना. सुयोग आला नसता तर तो त्या भिंतीलाच चिकटला असता. हा सुयोग भिवंडीकडचा, खाऊनपिऊन सुखी घरातला. खाडीत शर्यतीची बोट पळवायचं त्याला भारी खूळ. "दामूकाका, माझं इंजिन तुमीच बांधायचं," असं म्हणत त्याने आठ सिलिंडरचं धूड टेंपोने त्यांच्या गावी, किन्हवलीत, आणून उतरवलं, आणि दामू भिंतीकडून इकडे वळला. त्या दिवशी गिरजाने देवापुढे दिवा लावताना सुयोगचंही नाव घेतलं.

इंजिन बांधताना पिस्टनवर रिंगा चढवायची वेळ आली. रिंग म्हणजे पोलादाची बांगडीच, पण एका जागी तुटलेली. हलकेच फाकवून चढवायची, खुणेची बाजू वर ठेवायची. सहा पिस्टनच्या रिंगा दामूने घाम गाळत, दात-ओठ खात चढवल्या. सातव्याला बोटांनी दगा दिला. त्याने पक्कड भिरकावली ती थेट कोंबड्यांत जाऊन पडली. गिरजाने काही न बोलता ती उचलून आणली, पुसली आणि शेवटचे दोन पिस्टन स्वतः भरले. तो सांगत होता, ती चढवत होती. लेकराच्या कानात बाळी घालावी तसं जपून तिने ते केलं.

आणि आता हे! इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तिथून निघायला हवी नुसती वाफ, तर निघत होता भकाभक धूर आणि ऑइलच्या पिचकाऱ्या. नळीच्या तोंडाला बांधलेलं फडकं बघता बघता चिंब झालं.

दामूने इंजिन बंद केलं. फडकं पिळलं. मग म्हणाला, "झालं. माझाच हात गेलाय गो. रिंग उलटी पडली असनार. रविवारी सुयोग आला की सांग त्याला, घेऊन जा म्हणावं. शेडला कुलूप लावू."

"अवो, एका रिंगेपायी शेड बंद करतात का? उघडू आनि बघू."

"उघडायचं नाय!" दामू ओरडला. असा तो कधी ओरडत नसे. "माझी चूक हाय, मी सांगतोय ना? विषय संपला."

आणि बाजेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

गिरजाची सटकली. तशी ती सोशिक, पण सटकली की गावदेवीलाही दटावून येईल अशी. तिच्या मनात एकच होतं: त्याच्या सहांतला एखादा पिस्टन चुकला असेल, चुकू दे! आजारी माणूस. कुठला ते शोधायचं, सुयोग यायच्या आत गुपचूप नीट करायचं, आणि ह्या बाबाला पुन्हा भिंतीला लागू द्यायचं नाही.

तिने हवेचा कॉम्प्रेसर चालू केला. एवढे महिने शेडमध्ये हाताखाली राबून तिला तपासणी ठाऊक झाली होती. पिस्टन पार वर आणायचा, प्लगच्या भोकातून हवा सोडायची. किती गळते ते दाब दाखवणारा काटा सांगतो आणि कुठून गळते ते कान सांगतो. कार्बोरेटरशी किंवा सायलेन्सरशी सूं वाजलं तर वॉल्व्हचा दोष. ऑइल ओतायच्या तोंडाशी वाजलं तर रिंगांचा.

हवेच्या दाबाने इंजिन फिरू नये म्हणून लांब पाना धरावा लागतो. तिने तो दोन्ही हातांनी धरला, तर हवेची तोटी उघडायला हातच उरेना.

"येताय का," ती गरजली, "का हा पाना मनगटावर आपटून घेऊ?"

दामू धडपडत आला. आला तो कानही लावायला लागला. कारागिराचा कान, बाजेवर किती वेळ टिकणार? पहिला सिलिंडर: ऑइलच्या तोंडाशी बारीक सूं. दुसरा: तसंच. तिसरा, चौथा, पाचवा, सहावाही तसाच. थोडी थोडी गळती सगळ्यांत, पण काटा दर वेळी त्याच जागी.

गिरजा चक्रावली. चुकलेला पिस्टन सापडेना. ती सातव्याकडे वळली, तोच दामूने तिच्या हातावर हात ठेवला.

"पुरे आता गिरजे."

"का? दोन राहिलेत."

"राहू दे म्हनतो ना. थकलीस तू."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो नजर चुकवत होता. आणि मग तिच्या डोक्यात लखकन उजेड पडला. राहिलेले दोन तिचे होते!

"म्हंजे... तुमाला वाटतंय मी चुकले? नि माझ्यापायी तुमी सवताच्या हाताला नावं ठेवत होता?"

दामू हळूच म्हणाला, "सुयोगच्या तोंडून तुला एक शबूद गेला असता, तर मला सोसलं नसतं."

"अरे देवा," गिरजा म्हणाली. तिला रडू आलं, त्याच्या जोडीने हसूही आलं. "आनि मी मेली तुमची चूक झाकायला निघालेली!"

दोघं एकमेकांवर पांघरूण घालत होती, आणि इंजिन मधल्या मध्ये बोंबलत होतं.

"आता लावा कान," ती डोळे पुसत म्हणाली. "जे असंल ते असंल."

सातवा. आठवा. काटा त्याच जागी.

दामू उलट्या बादलीवर मटकन बसला. "सगळे सारखे. एक बी रिंग उलटी नाय गो. रिंगा अजून बसल्याच नायत." आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. रिंग आणि सिलिंडर एकमेकांवर घासून मिळून येतात, पण त्यासाठी इंजिनाला ओझं पाहिजे. जोर लागला की आतला दाब रिंगेला सिलिंडरच्या भिंतीवर रेटतो. नुसतं हळू चालवलं तर भिंत गुळगुळीत होते, रिंग सैलच राहते, आणि तिच्या बाजूने दाब खाली उतरून ऑइल बाहेर ढकलतो. लोकांची इंजिनं पहिल्याच दिवशी पाण्यात रगडणाऱ्या दामूला हे माहीत नव्हतं थोडंच! पण हे इंजिन आजारानंतरचं पहिलं. हळदीच्या अंगाच्या नवरीला कामाला लावत नाहीत, तसं त्याने रोज थंड राहायला पाण्याचा पाइप लावून ते शेडमध्येच गुरगुरत ठेवलं होतं. थ्रॉटलला, म्हणजे वेग वाढवायच्या दांड्याला, हात गेला की गिरजाच म्हणायची, "अवो, हळू!"

रविवारी दामूने सुयोगला सगळं खरं सांगितलं, आणि इंजिन खाडीवर नेऊन बोटीत बसवलं. "भिंत फारच गुळगुळीत झाली असंल तर पुन्हा उघडावं लागंल," हेही त्याने सांगून टाकलं. सुयोग सुकाणूवर, दामू इंजिनापाशी, आणि साडीचा काष्टा मारून गिरजा त्याच्या शेजारी.

इंजिन तापलं. दामूचा हात थ्रॉटलवर गेला आणि थबकला. गिरजाने आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि दोन्ही हात मिळून पुढे रेटले.

बोट उसळली. तोंडावर खारं पाणी आलं, गिरजा किंचाळली, आणि दामू चक्क हसला. मग सोडायचं, पुन्हा रेटायचं. सुरुवातीला ब्रीदरने धूर ओकला, मग कमी कमी होत गेला. काठाला येईतो फडक्यावर नुसता ओलसर डाग होता.

सुयोग खूश! "काका, हाताला तोड नाय तुमच्या. दुसरी बोट घेतोय. तिचं इंजिन बांधाल ना?"

गिरजा दामूकडे बघायला लागली.

दामूने फडक्याला हात पुसले, बोटं एकेक करून. "ह्यातले दोन सिलिंडर हिच्या हातचे हायत," तो म्हणाला. "कुठले ते कान लावून मला बी नाय ओळखू आले. तवा मला कशाला विचारतोस? हिला विचार, वेळ हाय का."

सुयोग तिच्याकडे वळला. तिने पदराने तोंडावरचं पाणी पुसलं. त्यातलं थोडंच खाडीचं होतं.

"आधी भात कापून होऊ दे," ती म्हणाली. "मग आना."