कडुनिंबाचे दोन भाव

झाड राखायला जास्त पैसे पडतात आणि पाडायला कमी, हे गिऱ्हाइकाला कधी पटत नाही. मलाही पटत नसे. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सव्वीस वर्षं उद्यान विभागात काढली, तिथे झाडाला भाव नव्हता, नुसता नंबर होता. स्वेच्छानिवृत्ती घेऊन भोपाळच्या कोलार रोडवर झाडांच्या छाटणी-तोडीचा धंदा टाकला, तेव्हा कुठे मला भाव कळायला लागले.

छाटणीला माणूस दोर बांधून वर चढतो, एकेक फांदी बघून कापतो, ती दोराने खाली सोडतो. चार माणसांचे दोन दिवस जातात आणि हाती येतो पाला. तो पाला ट्रॉलीत भरून फेकायचा, त्याचेही पैसे मलाच पडतात. तोडीचं तसं नाही. सकाळी करवत लावली की संध्याकाळी लाकूड वखारीत. कडुनिंब, शिसव, आंबा असला तर लाकडातच सगळं सुटतं, उलट मालकाच्या हातावर चार पैसे ठेवता येतात. गुलमोहराचं लाकूड कुणी फुकटही नेत नाही, म्हणून गुलमोहर तोडायला महाग. वरून विजेची तार जात असेल तर भाव वाढला, खाली शेजाऱ्याची गाडी उभी असेल तर आणखी वाढला. फाटकातून ट्रॉली आत जात नसेल तर विचारूच नका.

आणि या सगळ्याचा जो आकडा होतो, तो मी दीडपट करून सांगतो. लाजण्यासारखं त्यात काही नाही, कारण भोपाळमध्ये पहिला आकडा कुणी मान्य करत नाही. बंगल्यातला साहेबही म्हणतो, "अरे भैया, कुछ तो कम करो." तो घासतो, मी विव्हळतो, शेवटी दोघं खऱ्या आकड्यावर येतो आणि दोघांनाही जिंकल्यासारखं वाटतं. ज्याला बारा घ्यायचेत त्याने अठरा सांगायचे, हा इथला रिवाज आहे.

लीलाकाकूंना हा रिवाज माहीत नव्हता असं नाही. भाजीवाल्याशी त्या दोन रुपयांवरून पंधरा मिनिटं वाद घालताना मी स्वतः पाहिलंय. पण त्या आमच्या मराठी मंडळातल्या. गणपतीला त्यांच्या हातचे मोदक मी वीस वर्षं खाल्लेले. मराठी माणसाशी, तेही ओळखीच्या, पैशावरून घासाघीस करायची म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मार्चच्या शेवटी त्यांचा फोन आला. साकेत नगरमधलं त्यांचं घर लहानसं, बैठं, पश्चिमेला खिडकी. त्या खिडकीशी गोविंदकाकांची खाट. दोन वर्षांपूर्वी काकांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून ते तिथेच आहेत. बोलता येत नाही, समजतं सगळं. खिडकीबाहेर चाळीस वर्षांचा कडुनिंब, घरावर पुरता ओणवा झालेला.

"दोन फांद्या पत्र्यावर टेकल्यात," काकू म्हणाल्या. "वाऱ्याने घासतात, रात्रभर कर्रकर्र. तेवढ्या काढा आणि वरून जरा हलकं करा. पण सावली जाता कामा नये हं, काशिनाथ. कूलरच्या ओल्या हवेने यांची छाती भरते, एसी तर नाहीच चालत. ही खोली राहण्यासारखी आहे ती या झाडामुळे. मे महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको."

मी झाडाभोवती फिरलो. कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूने बुंध्यावर ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला. झाड निरोगी, लाकूड उत्तम. ट्रॉली फाटकातून जात होती, तार लांब होती. छाटणीचे बारा हजार, सुखाने.

"किती होतील?" त्यांनी विचारलं.

"अठरा," मी म्हणालो. सवयीने म्हणालो आणि वाट पाहिली.

त्यांनी पदराला बोट गुंडाळलं. चेहरा उतरला, तो मला दिसला. पण त्या म्हणाल्या, "बरं. तुम्ही सांगताय म्हणजे तेवढे लागतच असतील. कागदावर लिहून द्या, परीक्षितला पाठवते."

तेव्हाच म्हणायला हवं होतं, 'काकू, तुमच्यासाठी बारा.' एवढंसं वाक्य. पण पटकन सहा हजार खाली आलो तर पहिला आकडा कसा होता ते उघडं पडतं. म्हटलं, मुलगा फोन करेल, तो घासेल, त्याला कमी करून देऊ. कोटेशन लिहिलं. माझ्या कागदावर दोन रकाने छापलेले आहेत, छाटणी आणि तोड. दोन्ही भरतो मी, व्यवहार कसा पारदर्शक दिसतो. छाटणी, अठरा हजार. तोड, लाकूड आमचं, वर आम्ही मालकाला चार हजार देऊ. खाली झोकात सही ठोकली. आपण किती सरळ माणूस आहोत याचा मला त्या वेळी अभिमानच वाटला, हे सांगायला हवं.

परीक्षितचा फोन दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. घरखर्चाला दर महिन्याला तोच पैसे पाठवतो, त्यामुळे शब्द त्याचा.

"काका, इसमें सोचना क्या है? एकीकडे अठरा द्यायचे, दुसरीकडे चार मिळणार. तोडूनच टाका ना. आईच्या मागची पाला झाडायची कटकट तरी जाईल."

"अरे, पण बाबांच्या खिडकीवर ऊन येईल."

"जाड पडदे लावू. पण काका, चार फार कम होता है. मी एका वखारवाल्याशी बोललो, चाळीस वर्षांचा नीम आहे म्हटल्यावर तो सात म्हणाला."

मी विव्हळलो, तो घासत राहिला, सहावर जमलं. घासायचं ते पोराने बरोबर घासलं, फक्त चुकीच्या रकान्यात. छाटणीचा भाव कमी होऊ शकतो हे त्याला सांगावं असं वाटलं का? वाटलं. पण मग हिशेब मनात आला. छाटणीत बारातून मजुरी जाऊन हातात उरणार दोन, फार तर अडीच. तोडीत त्या बाईंना सहा देऊनही मला बारा सुटत होते. मी म्हणालो, "ठीक आहे, महापालिकेकडे परवानगीचा अर्ज मी करतो."

अर्जाला कारण लागतं. कंपाउंडच्या भिंतीला बोटभर तडा होता. तो मुळांनी गेला की भिंत जुनी म्हणून गेला, देवाला ठाऊक. मी मुळांनी असं लिहिलं आणि पुढे 'धोकादायक' हा शब्द जोडला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सातला माणसं घेऊन पोचलो. हल्केराम माझा जुना चढणारा, सागर जिल्ह्याकडचा. त्याने दोर खांद्यावर घेऊन झाडाकडे वर पाहिलं आणि म्हणाला, "साहब, इत्तो अच्छो पेड़ है." मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

काकू बाहेर आल्या. हातात बँकेचं पाकीट होतं. मला बाजूला बोलावलं, खिडकीपासून लांब, काकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"काशिनाथ, मी काय म्हणते," त्या म्हणाल्या. "परीक्षित म्हणाला, तुम्ही आम्हाला सहा हजार देणार आहात. ते देऊ नका. तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे हे बारा आहेत, माझे स्वतःचे, त्याला विचारायची गरज नाही. सहा आणि बारा अठरा झाले ना? मग छाटणीच करा."

मी पाकिटाकडे पाहिलं. बारा. त्यांच्या हातात बरोबर खरा भाव होता, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "ते सहा हजार झाड पडलं तर येतात. लाकडाचे आहेत ते. झाड राहिलं तर ते सहा नाहीतच."

त्या गोंधळल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे... माझ्याकडे फक्त बाराच."

"हो."

"हां. बरोबर आहे. माझ्या डोक्यातच नाही आलं."

अजूनही वेळ होती. 'द्या ते बारा, होऊन जाईल' एवढंच म्हणायचं होतं, शब्द अगदी ओठांवर होते. ट्रॉलीचं भाडं अंगावर आलं असतं, वखारवाला चिडला असता, ते मी सोसलं असतं, खरंच सोसलं असतं. पण बाराला होतं म्हटल्यावर त्यांनी विचारलं असतं, मग अठरा का सांगितले होते? विचारलं नसतंच. नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं. आणि पुढच्या गणपतीला मंडळात त्या बाईंसमोर मी कोणत्या तोंडाने बसलो असतो? मी आयुष्यात इतका भ्यायलो नव्हतो, आणि तेही एका शहात्तर वर्षांच्या बाईला, जिने माझ्याशी रुपयाचीही घासाघीस केली नव्हती.

"साहब, चढूँ कि रुकूँ?" हल्केरामने विचारलं. त्याला मराठी येत नाही, पण हातातलं पाकीट त्याने पाहिलं होतं.

काकूही माझ्याकडे पाहत होत्या.

"चढ," मी म्हणालो.

दुपारी दोनपर्यंत झाड खाली होतं. बुंधा आतून लालसर आणि भरीव, कुठे एक कीड नाही. वखारवाला फोटो बघून फोनवरच खूश झाला. त्या महिन्यातलं माझं सगळ्यात फायद्याचं काम तेच ठरलं.

लाकूड ट्रॉलीत भरून चारच्या सुमारास पैसे द्यायला आत गेलो. खोलीत ऊन भिंतीपर्यंत आलं होतं. काकांच्या उशीवर, तोंडावर, सगळीकडे. त्यांनी डावा, चालणारा हात डोळ्यांवर आडवा धरला होता. काकूंनी आणि कामवालीने मिळून खाट ओढायचा प्रयत्न केला होता, पण ती एवढ्याशा खोलीत सरकून सरकून किती सरकणार? काकूंनी खिडकीला चादर खोचली. ऊन चादरीतूनही येत होतं. काकांनी हात खाली घेतला नाही.

मी सहा हजार स्टुलावर ठेवले आणि पावतीपुस्तक पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून सही केली, पूर्ण नावाची. मग, मी नको नको म्हणत असताना, चहा आणला. तो उभ्यानेच प्यायलो.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. अंगणात भुसा पडला होता, त्यावरून जपून पाऊल टाकत. डोळे लाल होते, पण हसल्या.

"आता जे झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून बरं, काशिनाथ. सगळं सरळ कागदावर लिहून दिलंत. दुसऱ्या कुणी आम्हा म्हाताऱ्यांना फसवलंच असतं."

मी मान हलवली आणि गाडीत बसलो.