बिनवाघाचं जंगल

माझा भाऊ पुंजाजी अकोल्याच्या कापसाच्या जिनात फिटर, पण बोलणं असं का दुनियेचा नटबोल्ट यानंच आवळला. जंगल म्हणाल तं जन्मात एकडाव चिखलदऱ्याले गेला, अन् घाटात सारी मोटर ओकून भरवली. वाघ पाह्यला तो सर्कशीतला, तोबी झोपेल. अशा माणसानं जंगलाची परीक्षा घ्यावी, सांगा!

साठ-एकसष्टची गोष्ट. त्याच्या पोरीले, जमुनाले, अमरावतीच्या राजापेठेतलं स्थळ आलं. पोट्ट्याचं नाव धर्मपाल, नोकरी अंदमानात, जंगलखात्यात. कमी बोलणारं पोट्टं. पुंजाजीनं पाहणीले आपले दोस्त बसवले. आमी बुद्धाचा धम्म घेतला तवापासून कोणतंई कार्य पंचशील म्हटल्याबिगर सुरू होत नाही. पुंजाजीचा आवाज सगळ्याईत मोठा. "मुसावादा वेरमणी", म्हणजे मी खोटं बोलणार नाही, हे तं त्यानं असं ठणकावलं का शेजारची गाय उठून उभी राह्यली.

मग चहा-चिवडा अन् चौकशी. "काय काय पाह्यलं जी तिकडे?"

धर्मपालनं सांगतलं. रान असं दाट का ऊन जमिनीले लागत नाही, पायाले जळवा चिकटतात. लाकूड ओढणारे हत्ती समुद्रात पोहत या बेटावरून त्या बेटावर जातात. निकोबारकडच्या एका बेटावर त्यानं खेकडा पाह्यला, सुपाएवढा. नारळाच्या झाडावर चढते अन् नांगीनं नारळ सोलून खाते. "मी त्याच्याच झाडाखाली जेवाले बसलो होतो," म्हणे, "वरून मले पाहून राहिला होता." सांगता सांगता तो हसला. दाराआड माझ्याजवळ उभी असलेली जमुनाबी हसली.

बाहेर मात्र नुसतं खी खी! "खेकडा झाडावर? हत्ती समुद्रात? बरं, अन् वाघ?"

"वाघ नाही जी तिथं."

झालं! पुंजाजीचं तोंड कडू. मेळघाट उशाशी असलेल्या लोकाईले बिनवाघाचं जंगल कसं पटंन? "वाघ नाही तं जंगल कायचं ते? वावराचा धुरा, नुसता बांधच म्हणा!" दोस्ताईनं माना डोलवल्या. पोट्टा खोटारडा हाये, जंगलात गेलाच नसंन, असं ठरून राहिलं. धर्मपालनं दाराकडे पाह्यलं. जमुना त्याले आवडली होती, आंधळ्यालेबी दिसे. स्थळ हातचं चाललं म्हणून त्यानं मान खाली घातली अन् म्हणे, "हाये जी... एक वाघ हाये. आमच्या तंबूपाशी आला होता."

मग काय बाप्पा! पुंजाजी उठून त्याच्या पाठीवर थाप मारते. "हे झाली मर्दाची गोष्ट!" लगेच लग्नाची तारीख काढाची बात निघाली. खरं बोल्ला तवा खोटारडा, खोटं बोल्ला तवा जवाई! मले तं असा राग आला का चहाचं गंज याईच्या डोक्यावर उलटं करावं.

पण जमुनाच दारात आली. पाहाले आलेल्या पाहुण्यापुढे पोरीनं तोंड उघडाची तवा सोय नव्हती. "बाबा, आत्ताच पंचशील म्हटलं ना आपण? मले खेकडा सांगणारा माणूस पसंत होता, वाघ सांगणारा नाही. इचारा त्याईले, वाघ हाये का नाही?"

धर्मपाल घामानं भिजला. उभा राह्यला. "नाही हाये," म्हणे. "खेकडाच हाये."

दोस्त चिवड्याची बशी पुसून चालते झाले. पुंजाजी म्हणे, लग्न मोडलं. जमुना म्हणे, करीन तं इथंच करीन. तिनं जेवण सोडलं, मी भावाले नको नको ते बोलली, तवा कुठी लग्न लागलं.

वर्सानं जमुना बेटावरून माहेरी आली, अंगानं भरलेली, हसरी. ओसरीवर तेच दोस्त बसेल. पुंजाजी म्हणे, "सांग वं, काय पाह्यलं तिकडे?"

"खेकडा पाह्यला, बाबा. झाडावर. माझ्यादेखत नारळ सोलला त्यानं."

पुंजाजीनं कपाळावर हात मारला. "पाहा," दोस्ताईले म्हणे, "काय सोन्यासारखी पोरगी देल्ली होती मी! त्या माणसानं तिलेबी खोटं बोलाले शिकवलं."