चार वाजताचा ग्लास

उद्धव बॅटरीवरची रवी दुधाच्या ग्लासात तिरकी धरून फेस वर काढत होता, तेव्हा फोन वाजला. त्याने तो वाजू दिला. फेस मधेच सोडला की बसतो आणि बसलेला फेस परत उठत नाही, हे त्याला दोन महिन्यांत कळलं होतं. फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. तेव्हा त्याने रवी बंद केली आणि ओल्या हातानेच फोन कानाला लावला.

"बाबा," अपूर्वा म्हणाली, "कॉफी आणू नका."

"का? डॉक्टर नको म्हणले?"

"आई गेली, बाबा. आत्ताच."

ओट्यावर थर्मास बर्फ घालून तयार होता. उद्धवने तो उचलला आणि भिंतीवर फेकला. बर्फाचे खडे ओट्याखाली घरंगळत गेले. मग चप्पल घालून तो दवाखान्यात गेला. तिथे तो रडला नाही. रडणाऱ्यांचा त्याला राग आला. सगळ्यात जास्त राग आला तो दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या केवळाबाईचा.

केवळाबाई म्हणजे शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर, पंचवीस वर्षांचा शेजार.

उद्धवचं लातुरात औसा रोडला विजेच्या मोटारी भरायचं दुकान. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. स्वयंपाकघरात तो पाणी प्यायलाच जायचा. पण बायकोच्या, चंद्रप्रभाच्या, पोटात गाठ निघाली, औषधांनी तिची अन्नावरची वासना उडाली, आणि दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी बजावलं की अंगात प्रोटीन गेलं पाहिजे, नाहीतर पुढचं औषध झेपणार नाही. अंडं या घरात कधी शिरलं नव्हतं. वरणाच्या वासाने तिला उमासे यायचे, मटकी समोर आणली की ती तोंड फिरवायची. कोणत्याही गरम गोष्टीला वास असतो, ती म्हणायची. राहिली होती एकच गोष्ट, थंड कॉफी. ती तिला पहिल्यापासून आवडायची.

मग अपूर्वाने पुण्याहून प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणि बॅटरीवरची छोटी रवी पाठवली, आणि व्हिडिओ कॉलवर दाखवत बापाला शिकवलं. आधी पावडर दोन चमचे पाण्यात कालवायची, नाहीतर गुठळ्या होतात. मग फ्रिजमधलं गार, साय काढलेलं दूध. रवी तळाशी नाही, वरच्या अंगाला धरायची. खाली बर्फ आणि कॉफी, वर तो फेस.

पहिले चार दिवस फेस उभा राहिनाच. पाचव्या दिवशी उद्धवने रवी दुकानात नेली, आतली मोटार काढून टाकली आणि दुसरी, ताकदीची बसवली. त्या दिवशी फेस असा आला की चमचा उभा राहिला.

"फेस हाय का भिंतीचा गिलावा?" चंद्रप्रभा म्हणाली.

"गप पी. अर्धा तास हलत न्हाई बघ."

"न्हाईच हलायचा. माणूस हलंल एखादा."

ती हसली, म्हणून तोही हसला. दुपारी तो दुकान बंद करून घरी यायचा, चार वाजता ग्लास तिच्या उशाशी ठेवायचा आणि परत जायचा. ती म्हणायची, तुम्ही समोर बसलात की घशाखाली उतरत नाही. रात्री ग्लास धुऊन पालथा घातलेला असायचा. हे बघून त्याला रोज बरं वाटायचं. मोटार भरून चालू झाल्यावर वाटतं तसं.

पण वजन उतरतच राहिलं. मॅडम चिडल्या. "काका, खरं सांगा, देता का नाही प्रोटीन? का डबा कपाटातच आहे?" शेजारच्या बाकड्यावरच्या लोकांनी वळून बघितलं. उद्धवने डबा आणून दाखवला असता, पण तो निम्मा संपलेला होता, आणि निम्म्या डब्याने काय सिद्ध होणार!

दोन दिवसांनी दुकानाची किल्ली घरी राहिली म्हणून तो अर्ध्या वाटेतून परत आला. केवळाबाई खाटेशी बसली होती. रिकामा ग्लास तिच्या हातात होता आणि वरच्या ओठावर फेस होता.

"केवळाबाईला पण दिली घोटभर," चंद्रप्रभा घाईने म्हणाली. "तुमची कॉफी म्हणजे... सगळ्यांना सांगायले मी."

केवळाबाईने पदराने ओठ पुसला आणि खाली बघितलं. आजारी माणसासमोर आवाज चढवायचा नाही म्हणून उद्धव किल्ली घेऊन निघाला. पण त्या दिवसापासून पालथा ग्लास दिसला की त्याच्या कानशिलाची शीर उडायची. तीन आठवड्यांत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, अपूर्वा पुण्याहून आली, आणि तिथेच चंद्रप्रभा गेली.

त्याने मनाशी एकच धरलं. तो ग्लास रोज हिच्या पोटात गेला असता, तर ही आज असती.

तेराव्याला दारात मांडव होता. औशाहून चंद्रप्रभाचं माहेर आलं होतं. बायकांची पंगत बसली, मेव्हणा वैजनाथ भात वाढत होता. केवळाबाई कडेच्या पानावर होती. तिने पहिला घास घेतला, आणि उद्धव मांडवातून सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"उठा," तो म्हणाला.

"काय भाऊजी?"

"पानावरून उठा. माझ्या बायकोच्या तोंडचं प्यायलात दोन महिने. अजून पोट भरलं न्हाई का?"

वैजनाथच्या हातातली भाताची परात तशीच राहिली. पंगतीतल्या बायकांचे हात पानात थांबले. कुणीतरी म्हणालं, "उद्धवराव, अहो पंगत हाय, शत्रूला बी उठवू नये." अपूर्वाने त्याचा दंड धरला. त्याने तो झिडकारला.

"इचारा तिला. प्याली का न्हाई?"

केवळाबाईच्या तोंडात घास तसाच होता. तो तिने कसाबसा गिळला.

"प्याले," ती म्हणाली. "रोज प्याले."

पानाला नमस्कार करून ती उठली आणि उष्टा हात धरून आपल्या घरी गेली. हात धुवायलाही ती या घरात थांबली नाही. उद्धवला वाटलं होतं, आता छाती मोकळी होईल. झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी केवळाबाईची सून शिवगंगा दुकानात आली. उद्धवपुढे एक मोटार उघडी पडली होती.

"काका, मी भांडायला आले," ती म्हणाली. "सासूबाईंनी शपथ घातली होती, पण मी मोडायले."

"बोल."

"आमच्या सासूबाईंना दूध चालत न्हाई. चहा बी कोरा घेतात, पंचवीस वर्षांत बघितला नसंल तुम्ही, माहीत हाय. दोन महिने त्या रोज तुमच्या घरून येऊन पोट धरून पडत होत्या. दोनदा सलाईन लावलं."

उद्धवने पाना मोटारीवर आपटला.

"मग कशाला प्याली?"

"काकूंना उतरत नव्हतं! पयल्या आठवड्यापासून. एक घोट घेतला की वांती. काकू म्हणल्या, केवळे, ओतून दे. सासूबाईंनी एकदा ओतलं. तर तुमचा तो फेस मोरीच्या जाळीवर तासभर बसून ऱ्हायला. पाणी ओतलं, हातानं चोळला, कॉफीचा वास तसाच. काकू घाबरल्या, यांना दिसंल म्हणल्या. बाहेर न्यावं तर गल्लीतल्या बाया बघणार. मग त्यांनीच हात जोडले, तू पी म्हणून."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तेच सासूबाईंनी इचारलं. तर काकू म्हणल्या, ते दुकान बंद करून येतात, रवीला नवी मोटार बसवलीय. उतरत न्हाई म्हणून सांगितलं तर मग ते काय करतील बसून?"

"जा तू," उद्धव म्हणाला.

"जाते. पण जेवत्या माणसाला उठवलं तुम्ही, काका."

ती गेली. उद्धवने समोरच्या मोटारीतली सगळी तार ओढून काढली. ती जळालेली नव्हती. गिऱ्हाइकाने फक्त बेअरिंग बदलायला दिली होती. हे लक्षात आल्यावर त्याने पाना दुकानाच्या दारातून रस्त्यावर भिरकावला. एका रिक्षावाल्याने शिवी दिली. त्याने दुप्पट मोठी परत दिली.

घरी फोटोला अपूर्वाने हार घातला होता. तो फोटोसमोर उभा राहिला.

"भाजीत मीठ कमी पडलं तर मला सांगायचीस," तो म्हणाला. "दुकानातली धूळ पायाला लागून आली तर गल्ली गोळा करायचीस. आन् हे सांगता आलं न्हाई? मी काय लहान लेकरू होतो? न्हाई उतरत म्हणायचं. दोन शब्द. मी बसलो असतो नुसता. बसता येतं मला."

आतून अपूर्वा दारात आली आणि परत आत गेली.

तो बराच वेळ बोलत राहिला. शेवटी आवाज बसला, पण राग बसला नाही. तीस वर्षांत ती कधी भांडणात गप्प राहिली नव्हती.

भिंतीपलीकडून केवळाबाईच्या खोकल्याचा आवाज रोज येतो. तीही पहाटे उठते, तोही उठतो. नळाला पाणी आलं की दोघं आपापल्या दारात बादल्या मांडतात. ती आधी भरून आत जाते, मग तो पुढे होतो. अपूर्वा पुण्याला जाताना म्हणाली, बाबा, मी जाऊन त्यांना जेवायला सांगून येऊ का? तो म्हणाला, तू नको.

पंगतीतून उठवलेल्या माणसाला उठवणाऱ्यानेच घरी जाऊन जेवायला बोलवावं लागतं, निरोप चालत नाही. मांडव उतरून सव्वा महिना झाला. उद्धव अजून गेलेला नाही.